निरोप्याचा राजीनामा

मी विजेच्या लाइनवर काम करतो असं सांगितलं की समोरचा माणूस आधी माझ्या पोटाकडे पाहतो, मग जवळच्या खांबाकडे पाहतो आणि मग विषय बदलतो. त्याचं काही चुकत नाही. एके काळी मी सरसर चढत असे. आता खांबाजवळ गेलो की पोट आधी टेकतं आणि पाय मागून येतात. त्यामुळे माझ्याकडे जमिनीवरचं काम आलं आहे. शिडी धरायची, दोरीनं सामान वर द्यायचं, गावकऱ्यांना आवरायचं आणि उपकेंद्रात फोन करायचा. यातलं शेवटचं काम मला मनापासून आवडतं. बोलायला मिळतं.

रोज सकाळी कुडव्याहून गाडी काढतो आणि तिरोड्याकडच्या आमच्या उपकेंद्रात जातो. तिथे आम्ही तिघे एका पाळीला असतो. एक ऑपरेटर, तो उपकेंद्रातच बसतो. वीज सोडणं-बंद करणं त्याच्या हातात. दुसरा लाइनमन, तो चढतो. तिसरा मी, जो दोघांच्या मधे असतो. आता हे 'मधे असणं' काय प्रकार आहे ते सांगायचं तर आधी आमच्या कामातली एक साधी रीत सांगावी लागेल. खांबावर चढायच्या आधी ऑपरेटरला फोन करून परमिट मागायचं. तो त्या लाइनची वीज बंद करतो आणि परमिट देतो. काम झालं, माणूस उतरला, की पुन्हा फोन करून परमिट परत करायचं. मगच वीज सोडायची. या दोन फोनांच्या मधे चढलेल्या माणसाचा जीव खुर्चीवरच्या माणसापाशी ठेव म्हणून असतो.

आमचा ऑपरेटर आणि आमचा लाइनमन हे एकमेकांचे साडू. ऑपरेटर मोठा साडू, लाइनमन लहाना. दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी, सौंदडच्या. एकाच घरचे दोन जावई एकाच उपकेंद्रात, म्हणजे आमच्यासाठी सणच होता. एकाच्या डब्यात कोचईच्या, म्हणजे अळूच्या, पानाच्या वड्या आल्या की दुसऱ्याच्याही यायच्या, आणि मला दोन्हीकडून मिळायच्या. लहाना मोठ्याला "भाऊ, भाऊ" करायचा. मोठा त्याला खांबावर चढताना खिडकीतून ओरडायचा, "अबे, पट्टा बांध!"

मग धाकट्या मेव्हणीचं लग्न झालं आणि सगळा घोळ झाला.

मांडवात जावयांचा मान होता. पाटावर बसवून पाय धुवायचे, दुपट्टा-टोपी द्यायची. नेमकी त्याच वेळी मांडवातली लाइट गेली. घरात दोन-दोन वीजवाले जावई असताना लाइट जाणं हा सासऱ्याचा अपमान. मोठा उठला आणि फ्यूज पाहायला मागे गेला. इकडे भटजीला घाई. त्यानं "जावईबापू, बसा" म्हटलं आणि लहाना जाऊन पहिल्या पाटावर बसला. मोठा हात काळे करून परत येतो तर त्याच्या पाटावर लहाना, डोक्यावर टोपी, गळ्यात दुपट्टा, आणि वर मोठ्यानंच लावून दिलेला झगझगीत उजेड.

"लाइनवाल्यायले सवय राहते, पहिले चढून बसाची," मोठा म्हणाला.

"आन् काही लोकायले बसून खायची," लहाना म्हणाला.

बस. त्या दिवसापासून अबोला. भांडण मांडवातलं, पण टोमणे दोन्ही आमच्या कामातले, म्हणून तो अबोला सौंदडला न राहता थेट उपकेंद्रात येऊन बसला.

आता हे सुरुवातीला मला मुळीच जड गेलं नाही, कारण या विषयात माझं शिक्षण घरीच झालं आहे. लहानपणी आमच्या आईचा आणि काकूचा अबोला होता. चूल एक, स्वयंपाक एक, पण बोलणं नाही. त्या दोघी मांजरीमार्फत बोलत. "मने, सांग बाई, भाजीत मीठ टाकून झालं." मांजर शेपूट हलवायची. "मने, त्यायले म्हण, दिसून राहिलं मले." मांजर घरी नसली की मला बोलावत. मांजरीपेक्षा मी थोडा कमी विश्वासू समजला जात असे, कारण मी निरोपात आपल्या पदरचं घालायचो.

ती सवय गेली नाही. ऑपरेटर मला म्हणायचा, "त्यायले सांगा, हातमोजे घातल्याशिवाय चढलं तर परमिट देत नाही, मग बोंबला म्हणा." मी खांबाखाली येऊन सांगायचो, "भाऊ म्हणत होते, जपून चढजो." लाइनमन वरून म्हणायचा, "त्यायले सांगा, पंख्याखाली बसून हुकूम सोडाले काय लागते?" मी फोनमधे सांगायचो, "तो हो म्हणून राहिला." असा मी दोन्हीकडच्या कडू पाल्यात गूळ घालत होतो आणि स्वतःवर खूश होतो. घरी जेवताना दिवसभराचे निरोप मूळ आणि सुधारित अशा दोन्ही आवृत्त्यांत ऐकवायचो. मुलं हसायची. बायको हसायची नाही. ती पोळी वाढत म्हणायची, "तुमाले कोणी सांगतलं हे काम?"

मधे एकदा आम्हाला गोंदियाला एका दिवसाच्या प्रशिक्षणाला पाठवलं. विषय होता 'कार्यस्थळी संवाद आणि संघभावना'. प्रशिक्षक नागपूरकडचे, फार उत्साही. दोघे साडू माझ्या डाव्या-उजव्या हाताला बसले होते, मधे मी आणि माझं पोट, म्हणजे चांगली मोठी भिंत. प्रशिक्षक म्हणाले, प्रत्येकानं आपल्या सहकाऱ्याकडे वळून त्याचा एक चांगला गुण त्याला सांगायचा. सगळा हॉल एकमेकांकडे वळला. ऑपरेटर माझ्याकडे वळला. थोडा वेळ छताकडे पाहत राहिला आणि मग म्हणाला, "त्यायले सांगा, हात साफ हाय त्यायचा. त्यायनं बांधलेला तार पुन्हा सुटत नाही."

मी उजवीकडे वळून तसंच सांगितलं. पहिल्यांदाच काही न घालता. लाइनमन खाली पाहत राहिला. मग म्हणाला, "त्यायले सांगा, बरं." नंतर जेवणाची सुट्टी झाली आणि पुलावात पनीर आहे की नाही यावर सगळ्यांची संघभावना एकवटली.

त्या दिवशी मला वाटलं, आता सुटेल हे. सुटलं नाही. आणि मीही सोडवायला गेलो नाही, कारण खरं सांगायचं तर मला माझी जागा आवडत होती. मांजरीला दोन्हीकडून दूध मिळत होतं.

मग तो उन्हाळी धानाचा दिवस आला.

बोदलकसाच्या तलावाखालच्या पट्ट्यात उन्हाळी धान उभं होतं. आदल्या संध्याकाळी वारं सुटलं होतं आणि एका खांबावरचा चिनी मातीचा इन्सुलेटर फुटून तार खाली लोंबत होती. मोटारपंप बंद. लोक उपकेंद्रात फोनवर फोन करत होते. आम्ही दोघे गेलो. मी परमिट घेतलं. लाइनमननं तारांवर अर्थिंगची साखळी टाकली. ही साखळी फार मोलाची गोष्ट आहे. चुकून वीज आलीच तर ती माणसातून न जाता साखळीतून जमिनीत जाते. काम झालं. तो उतरला, साखळी काढली, मी ती थैलीत भरून गाडीला अडकवली.

आता परमिट परत करायचं म्हणून मी फोन काढला तर रेंज नाही.

"थांबा दादा," लाइनमन म्हणाला. तो पुढच्या खांबाकडे पाहत होता. "त्याचाही तडकून हाय. उद्या पुन्हा येण्यापेक्षा आताच बदलवतो. पाच मिनिटाचं काम. त्यायले सांगा, आणखी एक पोल हाय म्हणा."

"रेंज नाही ना बा इथं."

"मंग नहराच्या पाळीवर जाऊन सांगा. परमिट तर आपल्याचकडे हाय."

त्याच्या फोनला तिथे रेंज असायची, पण त्यावरून साडूचा नंबर लावायची गोष्ट त्यानंही काढली नाही आणि मीही नाही. परमिटचं मात्र त्याचं खरं होतं. परमिट परत दिलेलं नव्हतं, म्हणजे वीज येणार नव्हती. तो शिडी घेऊन पुढच्या खांबाकडे गेला आणि मी गाडीला किक मारून नहराकडे. साखळी गाडीला लटकत माझ्यासोबत निघाली. ती त्यालाही आठवली नाही आणि मलाही.

कालव्याच्या उंच पाळीवर चढेपर्यंत मोबाइलमधे रेंजची एकही काडी नव्हती. वर आलो आणि फोन खणखणायला लागला. ऑपरेटर.

"काऊन जी, उतरले काय तुम्ही?"

"नाही नाही, आणखी एक पोल हाय."





"तो वर हाय?"

"हो."

"आता? वर?"

त्याच्या आवाजात काहीतरी असं होतं की मी गाडी स्टँडवर लावली. "काऊन, काय झालं?"

"गावातून दोन फोन आले. तुमची माणसं गेली म्हणे, गाडी जाताना पाहिली आम्ही, आता लाइन सोडा, धान वाळून राहिलं. तुमाले लावून राहिलो तर तुमचा फोन बंद. मी ब्रेकरपाशीच उभा हाय."

"पण परमिट तर..."

"परमिट परत नाही आलं म्हणूनच तर थांबलो. नाहीतर..."

मी विचारलं, "मग त्याला लावायचा ना फोन. त्याचं सिम दुसऱ्या कंपनीचं आहे. त्याला खांबावरही रेंज राहते."

मग तो म्हणाला, "नंबर काढून ठेवला होता."

काढून ठेवला होता. बोटाखाली होता. आणि बोट दाबलं जात नव्हतं, कारण लग्नात कोणीतरी कोणाच्या पाटावर बसलं होतं.

मी परत आलो तेव्हा लाइनमन वर शीळ वाजवत तार आवळत होता. "सांगतलं काय त्यायले?" त्यानं वरून विचारलं. मी मान हलवली. माझ्या तोंडून शब्द फुटला नाही, आणि हे माझ्या बाबतीत इतकं नवीन होतं की त्यानं काम थांबवून खाली पाहिलं. "दादा, ऊन लागलं काय?" मी थैलीतली साखळी काढून त्याला दाखवली. त्यानं साखळीकडे पाहिलं, आपल्या हाताखालच्या तारेकडे पाहिलं, आणि शीळ थांबली. उतरल्यावर तो बांधावर बसला आणि अख्खी बाटली पाणी प्याला. मग मी त्याला फोनावरचं सगळं सांगितलं, एक शब्द इकडचा तिकडे न करता. "नंबर काढून ठेवला होता" हेही.

घरी जेवायला बसलो. मुलं म्हणाली, "बाबा, आजचे निरोप?" मी सगळं सांगितलं. कोणी हसलं नाही. बायकोनं विचारलं, "लहान्याच्या बायकोले माहीत हाय काय हे?"

"नाही."

"तुमच्या घरची मांजर चुकली असती, तर काय झालं असतं? भाजीत दोनदा मीठ पडलं असतं. त्याच्याच्यानं कोणी मरत नव्हतं," ती म्हणाली. "तो माणूस खांबावर हाय आन् तुम्ही मांजर बनून फिरून राहिले."

मी त्याच वेळी ठरवलं. आता माझं ठरवणं कसं असतं ते घरच्यांना माहीत आहे. साखर सोडायचं ठरवलं होतं, सकाळी फिरायला जायचं ठरवलं होतं, गाडी धुवायचं तर दर रविवारी ठरवतो. त्यामुळे मी मोठ्यानं जाहीर केलं तेव्हा धाकटीनं फक्त वरण मागितलं. पण हे ठरवणं वेगळं होतं. सकाळी उठलो तरी ते मोडलं नव्हतं.

उपकेंद्रात गेल्या गेल्या ऑपरेटरसमोर उभा राहिलो. "आजपासून मी निरोप नेणार नाही. परमिट जो चढतो तोच मागेल. जो उतरला तोच परत देईल. स्वतःच्या तोंडानं."

"साहेबानं सांगतलं काय?"

"नाही. मीच सांगून राहिलो."

तो हसला. "तुम्ही? तुमाले बोलल्याबिगर जेवण पचत नाही."

"पाहू."

लाइनमनलाही तेच सांगितलं. तो म्हणाला, "पाहू." दोघांचा माझ्यावर इतका अविश्वास होता की त्या एका गोष्टीवर तरी त्यांचं एकमत झालं.

काम नहराच्या खालच्या बाजूला निघालं. खांबापाशी पोचलो. लाइनमननं पट्टा बांधला, साखळी खांद्यावर घेतली, आणि नेहमीसारखं म्हणाला, "लावा फोन. त्यायले सांगा..."

मी शिडी जमिनीवर आडवी ठेवली आणि तिच्यावर बसलो.

"दादा?"

मी तोंडावर बोट ठेवलं.

"दादा, मजाक नका करू. उन्हं वाढून राहिली."

मी त्याच्या खिशातल्या फोनाकडे बोट दाखवलं. त्यानं शिडी ओढायचा प्रयत्न केला. ओढली गेली नाही. माझ्या पोटाचा नोकरीत पहिल्यांदा काहीतरी उपयोग होत होता. तो चिडला. "असाच चढतो मंग, परमिटबिगर!" हे ऐकून मी शिडी दोन्ही हातांनी घट्ट धरली. जीव गेला तरी उठायचं नाही असं मनाशी म्हटलं, आणि मग लक्षात आलं की ज्याचा जीव जाऊ शकतो तो समोर उभा आहे, मी नाही. मग आणखी घट्ट धरली.

शेजारच्या बांधीतून, म्हणजे धानाच्या वावरातून, एक म्हातारे शेतकरी आले. "काऊन जी, लाइन कवा येऊन राहिली?"

मी लाइनमनकडे बोट दाखवलं.

"यायले काय झालं?" त्यांनी लाइनमनला विचारलं. "दातखीळ बसली काय?"

"रुसले," लाइनमन म्हणाला.

"या वयात? कोणावर?"

म्हातारे कपाळावर हात धरून सावलीत बसले. आता दोन माणसं त्याच्याकडे पाहत होती. माझ्या तोंडात किती वाक्यं येऊन परत गेली ते मला माहीत. तीन चांगले विनोद मी त्या शिडीवर गिळले. एक तर खरोखर उत्तम होता.

शेवटी त्यानं फोन काढला. नंबर शोधायला त्याला वेळ लागला नाही, म्हणजे त्याच्याकडेही तो यादीत वरच कुठेतरी होता. मी स्पीकर लावायची खूण केली. एक घंटी वाजली आणि फोन उचलला गेला.

"हॅलो."

लाइनमननं घसा साफ केला. "परमिट पाहिजे."

"कोण बोलून राहिलं?"

"...मी."

"मी म्हणजे? परमिट मागणाऱ्यानं आपली ओळख सांगाची राहते."

"माहीत नाही काय तुमाले?"

"नियम हाय."

लाइनमननं माझ्याकडे पाहिलं. मी नहराकडे पाहिलं. त्यानं म्हाताऱ्यांकडे पाहिलं. ते अगदी पुढे सरकून बसले होते. मग तो फोनात जोरात म्हणाला, "तुमचा लहाना साडू!"

पलीकडून मग अगदी सरकारी आवाजात, "कुठून?"

"नहराच्या खालच्या पोलावरून. अजून चढलो नाही."

"साखळी?"

"खांद्यावर हाय."

"हातमोजे?"

"घातले."

"दादा कुठी हायेत?"

"शिडीवर."

"चढले?" आवाज एकदम घाबरला.

"नाही जी, बसले. शिडी आडवी हाय."

फोनातून एक विचित्र आवाज आला. ऑपरेटर हसू दाबतो तेव्हा असा आवाज येतो. "उठाले सांगा त्यायले, शिडी मोडन," तो म्हणाला, आणि मग पुन्हा सरकारी, "लाइन बंद केली. परमिट दिलं. काय दिलं ते वापस बोला."

लाइनमननं सगळं पुन्हा म्हणून दाखवलं. मी उठलो. शिडी मोडली नव्हती.

काम तासाभराचं होतं. तो वर असताना म्हातारे मला विचारत राहिले की हे दोघं खरंच साडू आहेत काय, आणि असतील तर मग असं कलेक्टरसारखं कायले बोलतात. मी खुणेनंच आकाशाकडे हात केले. काम संपलं. तो उतरला, साखळी काढली, मी ती मोठ्यानं आवाज करत त्याच्यासमोर थैलीत टाकली. त्यानं फोन लावला.

"काम झालं. साखळी काढली. सामान खाली हाय. परमिट परत."

"तुम्ही उतरले?"

"हो."

"तुम्ही स्वतः?"

लाइनमननं खांबाकडे वर पाहिलं. "उतरलो म्हणूनच तर बोलून राहिलो ना, भाऊ."

भाऊ. फोन बंद झाला. थोड्या वेळानं बांधीपलीकडे मोटार घरघरली आणि पाइपातून पाणी आलं. म्हातारे धोतर सावरत तिकडे निघाले.

अबोला सुटला, असं मी लिहिलं तर ते माझ्या जुन्या निरोपांसारखं होईल. सौंदडला अजूनही ते दोघं पंगतीच्या दोन टोकांना बसतात, आणि तिथे आता निरोप न्यायला दुसरं कोणीतरी मांजर झालं आहे. तो त्यांच्या घरचा मामला. पण लाइनवर ते बोलतात. रोज. आमच्या खांबाखाली आता माझा फोन खिशातच असतो.

मला करमत नाही हे कबूल केलं पाहिजे. त्यांचं बोलणं अगदीच कोरडं असतं. मी सांगितलं असतं तर त्यात मीठ-मिरची तरी असती. जेवताना मुलं अजून विचारतात, "बाबा, आज काय निरोप?" मी म्हणतो, काही नाही. तो चढला, त्यानं सांगितलं. उतरला, त्यानं सांगितलं.

बायको म्हणते, "आता पोळी घ्या." आणि स्वतःहून अर्धी जास्त वाढते.